पांढरा पावटा, काळा वाटाणा

मठात कुणाला जन्मभरासाठी ठेवून घ्यायचं, हे माणसं ठरवत नाहीत. ते पवित्र आत्मा ठरवतो, आणि त्याचा निर्णय कधी चुकत नाही. दारावरच्या सिस्टरनी हे आम्हाला चहा देताना सांगितलं. चहात साखर घालायची राहिली होती, पण ते खातं बहुधा पवित्र आत्म्याकडे नसावं.

आम्ही म्हणजे मी आणि लोणावळ्यातला माझा समोरचा शेजारी. तो खंडाळ्याच्या घाटात मालगाड्यांना मागून रेटणारी इंजिनं चालवून निवृत्त झाला. तो पिढीजात कॅथलिक. मी देवळात जातो तो बायकोच्या चपला सांभाळायला. मठ मावळात आहे, बेगडेवाडी स्टेशनवर उतरून रिक्षाने भातखाचरं संपेपर्यंत गेलं की लागतो. फाटकावर कॉन्व्हेंट लिहिल्यामुळे चौकशीला येणारे निम्मे लोक नर्सरीचा प्रवेश मागतात. आतल्या सिस्टर एकदा आत गेल्या की सहसा बाहेर येत नाहीत, गरजेपुरतंच बोलतात, आणि पाहुण्यांना लाकडी जाळीआडून भेटतात.

शेजाऱ्याची मुलगी हिंजवडीतली नोकरी सोडून इथे आली, तेव्हा त्याने मला महिनाभर छळलं होतं. "अमेरिकेतल्या लोकांचे प्रिंटर फोनवरून दुरुस्त करत होती. आता म्हणते, त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणार!" मग गेल्या वर्षी मठाने तिची कायमची व्रतं पुढे ढकलली. कारण काय, तर तिला प्रार्थनेत हसू येतं. झालं! बापाने एका दिवसात पक्ष बदलला. "माझ्या पोरीला नापास करतात? या कोण लागून गेल्या?"

यंदा शेवटची संधी होती. मठ नाही म्हणाला, तर तिने बॅग भरून घरी यायचं. त्या सकाळी सिस्टरांचं मतदान होतं आणि निकाल ऐकायला आम्ही जाळीसमोर बसलो होतो. ती क्षणभर येऊन गेली.

"काका, आमच्या मोठ्या मदर म्हणाल्यात, हसू आलं की जीभ चाव."

"मग?"

"जीभ संपत आली."

"पण हे सगळं कशासाठी गं?" मी विचारलं. आमच्या लोणावळ्यात हल्ली रिसॉर्टवाले शनिवार-रविवार मौन विकतात, नाश्त्यासकट. इथे तेच मौन फुकट, फक्त भांडी घासावी लागतात. एवढाच फरक असावा, असं माझं मत होतं.

ती म्हणाली, "ऑफिसात दिवसभर बोलायचे, पण बाजूच्या मुलीला माझं नावही नीट माहीत नव्हतं. इथे कुणी विचारत नाही. पण गुडघा दुखायला लागला, तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर पाट ठेवलेला होता." मग बापाकडे बघून म्हणाली, "पप्पा, छत्री कुरतडू नका." तो खरोखरच छत्रीची मूठ चावत होता. ती हसली, लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि स्वयंपाकघरात पळाली. उमेदवाराने मतदानाला थांबायचं नसतं.

मतदानाची रीत जुनी आहे. प्रत्येकीने गुपचूप एक दाणा टाकायचा, होकाराला पांढरा पावटा आणि नकाराला काळा वाटाणा. मग सगळ्यांनी प्रार्थनेला जायचं आणि परत येऊन दाणे मोजायचे. दाणे टाकायची लाकडी पेटी यंदा वाळवीने खाल्ली होती, म्हणून सिस्टरांनी स्टीलचा डबा वापरला. तो जेवणघरातल्या टेबलावर ठेवून त्या रांगेने प्रार्थनेला गेल्या.

आम्ही बसलो होतो त्या पाहुण्यांच्या खोलीतून स्वयंपाकघरात उघडणारी वाढपाची एक खिडकी आहे, आणि पुढे जेवणघर दिसतं. थोड्या वेळाने दारावरच्या सिस्टर जेवणघरात डोकावल्या आणि रिकामं टेबल बघून स्वयंपाकघरात धावल्या. गावातली मावशी तिथे पाहुण्यांचा स्वयंपाक करत होती.

"मावशी, टेबलावरचा डबा कुठाय?"

"त्यो व्हय? घासून पालथा घातलाय की."

"त्यात दाणे होते!"

"मूठभर तर हुतं. आन त्ये बी भिजवल्याबिगर. कुनी केलं वो असलं काम? दिलं उसळीत टाकून. वाया कशाला घालवायचं?"

तेवढ्यात बाकीच्या सिस्टर परतल्या. मौनाची वेळ होती. मदरनी भुवया उंचावून डबा कुठे विचारलं. दारावरच्या सिस्टरनी आधी पालथ्या डब्याकडे बोट दाखवलं, मग पातेल्याकडे, मग आकाशाकडे. सर्वांत वृद्ध सिस्टरनी डाव उचलून उसळ ढवळायला घेतली. पण काळ्या मसाल्याच्या रश्शात काळा कोणता आणि पांढरा कोणता हे कोण सांगणार? मदरनी त्यांचा हात धरला.

मावशीला ही शांतता सोसवेना. "आवं पन झालं काय? लय तिखट झालंय का?"

कोपऱ्यात तवा घासत असलेली आमची मुलगी तोवर लालबुंद झाली होती. तिच्या तोंडून कुकरची शिट्टी सुटावी तसं काहीतरी सुटलं.

"गेली," शेजारी म्हणाला आणि छत्री उचलून उभा राहिला. "संपलं. चल, बॅग भरायला सांगू तिला."

पण त्या शिट्टीपाठोपाठ वृद्ध सिस्टर डाव छातीशी धरून हसायला लागल्या, मग त्यांच्या मागची, मग तिच्या मागची. मदर चौकटीला धरून उभ्या होत्या आणि चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मावशी सगळ्यांकडे बघून म्हणाली, "येडं झालं समदं," आणि स्वतःही हसू लागली. हसण्यापायी मुलीला काढायचं, तर आता संपूर्ण मठ रिकामा करावा लागला असता. मी शेजाऱ्याला बाही ओढून खाली बसवलं.

नवे दाणे आले. डबा अजून ओला होता. पुन्हा मतदान झालं आणि दारावरच्या सिस्टर धावतच आल्या. "सगळे पावटे! एकही वाटाणा नाही!"

मुलगी जाळीशी आली. बाप बराच वेळ नाक शिंकरत होता.

"म्हणजे आता तू घरी नाही येणार."

"नाही पप्पा."

"बरं," तो म्हणाला. "बरं झालं." आणि जाळीतून जेवढी बोटं आत जात होती तेवढी त्याने आत घातली. तिने ती धरून ठेवली. माझं भिंतीवरच्या क्रूसाकडे एकाएकी फार लक्ष गेलं.

मग आम्ही जेवायला बसलो. दारावरच्या सिस्टर उसळ वाढताना म्हणाल्या, "पहिलं मतही असंच एकमुखी असणार. पवित्र आत्मा तासाभरात मत बदलत नाही." शेजाऱ्याने मान डोलावली आणि अचानक थांबला. त्याच्या दाताखाली एक न शिजलेला दाणा आला होता. तो त्याने बोटावर घेऊन मला दाखवला. "बघ. भिजवलेला नाही. म्हणजे हे मत. पावटा!" तो दाणा त्याने रुमालात बांधून खिशात ठेवला.

मलाही एक कडक दाणा लागला. ताटाच्या कडेला घेऊन मी त्याच्यावरचा रस्सा पुसला. तो वाटाणा होता.