वाळूतल्या पालीचे डोळे

बापट कॅम्पमधल्या कुंभारांत यल्लव्वाच्या हाताला मान होता. गणपती कुणीही घडवो, डोळे आखायला तीच लागायची. मग एकदा अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला. डोळ्यांचं काम सून सुष्मितानं उचललं. सासू बाजल्यावर बसून दिसेल त्याच्यावर खेकसायची.

गेल्या दिवाळीनंतर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे श्रीशैल सर मोबाइलवर एक फोटो घेऊन आले. वाळवंटातल्या प्राण्यांचं प्रदर्शन मांडायचं होतं, त्यासाठी मातीची पाल हवी होती. आफ्रिकेतली. दिवसभर वाळूत बीळ करून राहणारी, अंधार पडला की बाहेर येणारी. बोटांना बदकासारखे पडदे आणि डोळ्यांना पापण्याच नाहीत. डोळ्यावर धूळ बसली की जिभेनं चाटून पुसते.

"अगं बया! सोताचा डोळा चाटतीया?" यल्लव्वा सरसावून बसली.

"व्हय की, आक्का," सर हसले.

सुष्मितानं शाडूची पाल झकास घडवली. डोळे मात्र काही केल्या जमेनात. तिच्या हाताला देवाचेच डोळे ठाऊक.

"ही पाल न्हाय गं, लक्ष्मी दिसतीया," यल्लव्वा म्हणाली.

सुष्मितानं कुंचला सासूच्या डाव्या हातात दिला.

"ह्या हातानं? येडी का काय तू?"

"बिघडलं तर पुसू की, आई. पाल हाय, देव न्हवं."

हात थरथरला, रंग पसरला. सुष्मितानं ओल्या फडक्यानं पुसला. पुन्हा पसरला, पुन्हा पुसला. असे बरेच दिवस गेले. शेवटी डोळ्यातल्या बाहुलीची उभी रेघ टिकली, पण कड नागमोडी झाली. यल्लव्वा हिरमुसली. पाल न्यायला आलेल्या सरांनी मात्र फोटो मोठा करून शेजारी धरला. खऱ्या पालीच्या बाहुलीची कडही तशीच, खाचाखाचांची होती.

"आक्का, हुबेहूब!"

यल्लव्वाला रडू आवरेना. सरांना तिनं जेवल्याशिवाय सोडलं नाही.

"लई उपकार झालं तुमचं," ती म्हणाली.

"माझं कसलं? सूनबाईंचं म्हणा."

खरंच होतं. एवढे दिवस सुष्मितानं सासूचे कुंचले धुऊन डब्यात जपून ठेवले होते. यल्लव्वानं ते रोज पाहिलं होतं, बोलली कधीच नव्हती. आता तिनं सुनेला जवळ ओढलं, चेहऱ्यावरून डावा हात फिरवला.

"किती बोललो तुला, पोरी. तरी टिकलीस माझ्यापाशी."

सुष्मिता पदराला हात पुसत राहिली.

यंदा गणपतीच्या हंगामात यल्लव्वा पुन्हा कामाला बसली. मूर्ती ठरवायला येणाऱ्यांना ती मोठ्यानं सांगायची, "पावणं, देवाचं डोळं सूनबाईकडं. उंदरांचं माझ्याकडं!"