आप्पांचे शब्द

मी मनात धरून ठेवणारी बाई आहे, हे आधीच सांगते. माझे वडील, ज्यांना घरीदारी सगळे आप्पा म्हणतात, निपाणीतल्या एका साडीच्या दुकानात तीस वर्षं गादीवर बसून साड्या दाखवत होते. मग दुकान नवं केलं. गाद्या निघाल्या, काचेचे काउंटर आणि पुतळे आले. मालक भर गिऱ्हाइकात म्हणाला, "आप्पा, तुमची जुनी पद्धत आता चालत न्हाय. लोक मोबाइलवर बघून येत्यात. तुम्ही घरात बसा." आप्पा चपला घालून चालत घरी आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मी मात्र जेवले, आणि जेवता जेवताच ठरवलं, ह्याला मोबाइलवरच गाठायचं.

ते माझंच काम होतं. बेळगावातल्या एका ऑफिससाठी मी घरी बसून दवाखान्यांच्या आणि क्लासेसच्या जाहिराती सांभाळते. माणूस मोबाइलवर काही शोधतो. त्या शब्दांवर ज्यानं बोली लावलेली असते, त्याची जाहिरात वर दिसते. पुढच्या गल्लीतल्या एका लहान दुकानदारानं आप्पांना बोलावून घेतलं. त्याच्याकडे अजून गादी होती. मी म्हटलं, तुमची जाहिरात मी करते.

रागाच्या भरात पहिला शब्द निवडला तो जुन्या मालकाच्या दुकानाचं नाव. कुणी ते शोधलं की वर आमचं दुकान. जिवाला काय गार वाटलं! पण ज्याला तिथंच जायचंय तो आमच्याकडे कशाला थांबेल? लोक बघायचे आणि मागं फिरायचे. मग 'ब्रायडल कलेक्शन' लावून पाहिलं. कुठल्या कुठल्या पोरी नुसते फोटो बघून गेल्या.

आप्पा चहा पीत बघत होते. "कुणाला बोलवायलीस गं?"

"लग्नाच्या गिऱ्हाइकास्नी."

"लग्नघरची माणसं असं म्हणत्यात व्हय? ती म्हणत्यात, बस्ता काढायचाय. चिकोडीकडची जवळी म्हणत्यात. मानाच्या साड्या इचारत्यात, करवलीची इचारत्यात."

दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून लग्नाचं कापड घ्यायचं, तो बस्ता; कानडीत तीच जवळी. हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी सुचलं नव्हतं. शिकून शहाणी झाले होते ना! आप्पांचे शब्द होते तसे लावले. जाहिरात राज्याच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर, अडवली नाही, पलीकडे महाराष्ट्रात कागलपर्यंत दाखवली. सोयरिकी काही नाका बघून जुळत नाहीत. महिन्याभरात गादीवर जागा पुरेना. आप्पा सकाळी दाढी करून वेळेआधी निघू लागले.

ऐन लग्नसराईत एक दिवस 'बस्ता' शोधला, तर वर जुन्या मालकाची जाहिरात. सगळे शब्द जसेच्या तसे उचललेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस हाकलला आणि त्याचे शब्द ठेवून घेतले! बोली चढवायला बसले, तर आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्यानं गाद्या काढल्यात."

मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा द्यायला दुकानात गेले, तेव्हा कळलं. दारात दोन जीपगाड्या थांबल्या. अठरा माणसं उतरली, चिकोडीकडची. पुढची म्हातारी तणतणत होती, "मोबाइलवर बस्ता म्हणून बोलावतोय आणि बसायला जागा न्हाय! दोघं दोघं उभं ऱ्हाऊन बघा म्हणाला. व्याह्यास्नी उभं करायचं व्हय?" जुन्या मालकाच्या दुकानातून बाहेर पडून त्यांनी पानपट्टीवर विचारलं होतं, गादीचं दुकान कुठं हाय.

आप्पांनी पांढरी चादर झटकून अंथरली. "बसा आक्का. आधी पाणी घ्या."

दुपार टळेपर्यंत ती माणसं हलली नाहीत.

मी बोली चढवली नाही. रोज सकाळी कामाला बसण्याआधी मी तो शब्द शोधते. जुन्या मालकाची जाहिरात वर दिसली की मला लाज न वाटता आनंद होतो. पदरमोड करून तो लांबलांबची लग्नघरं निपाणीत आणतो, त्यांना उभं करतो, आणि आप्पा त्यांना बसवून घेतात.