कळशीवरचं नाव आणि एक तारा

“मॅडम, मी दिलेला तारा खोटा आहे का? एवढंच सांगा.”

फोनवर गांगुर्डे साहेब होते. आवाज शांत होता. चिडलेला माणूस मला सोपा जातो, शांत माणूस अवघड जातो. मी बाटली उघडून पाणी प्यायले. खरं उत्तर ‘नाही’ असं होतं आणि नेमकं तेच मला द्यायचं नव्हतं.

“नाही साहेब. खोटा नाही.”

“मग काल मला मेल का पाठवला? ‘विक्रेत्या गरजू महिला आहेत, कृपया फेरविचार करावा.’ त्या गरजू आहेत म्हणून कळशीवर नाव परत उमटणार आहे का?”

हे काय प्रकरण होतं ते आता सांगते.

नाशिकमध्ये ऑनलाइन लिलावाच्या एका कंपनीत मी काम करते. जुन्या वस्तूंचा लिलाव. घड्याळं, नाणी, रेडिओ, भांडी. विकणारा फोटो टाकतो, लोक घरबसल्या बोली लावतात. मुदत संपली की सगळ्यात वरची बोली जिंकते. वस्तू पोचली की दोघं एकमेकांना तारे देतात, एक ते पाच, आणि खाली चार शब्द लिहितात. याला रेटिंग म्हणतात. अनोळखी माणसाकडून जुनी वस्तू घ्यायची तर लोक तेवढंच बघतात. या ताऱ्यांवरून जी भांडणं होतात ती ‘टिकेट’ म्हणून, म्हणजे तक्रार म्हणून, माझ्या डेस्कवर येतात.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली पहिली मी. वडील मखमलाबादकडे फुलं पिकवतात. नोकरी लागली तेव्हा त्यांना काम समजावून सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे लोक भांडणार आणि तू मार्क देणार?”

“मार्क तेच देणार. मी फक्त बघणार.”

“मग पगार कशाचा?”

त्यांना पटेल असं उत्तर मला बरेच दिवस सुचलं नव्हतं. पण कामाचा मला अभिमान आहे. आमच्या साइटवरचे रेटिंगचे नियम मराठीत मी लिहिले आहेत. भाषांतर करून नव्हे, बसून लिहिलेत. त्यातला मुख्य नियम असा, की रेटिंग हे मत आहे आणि मत आम्ही काढत नाही. शिवी असेल, धमकी असेल किंवा धडधडीत खोटं असेल तरच काढतो.

तर ही कळशी. पंचवटीतल्या इंदूताईंनी लिलावाला लावली होती. पितळी, जुनी, जाड पत्र्याची. काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं कोरलेली होती, ‘चि. भागीरथीस आत्याकडून, दिंडोरी.’ पूर्वी भांडं कुणाला द्यायचं तर असं नाव घालून देत. फोटोत ते स्वच्छ दिसत होतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेल्या गांगुर्ड्यांनी सगळ्यात वरची बोली लावली आणि दहा मिनिटांत पैसे भरले. पंचवटीहून एकलहऱ्याला स्कूटरवर तासाभरात जाता येतं. आमचं पार्सल मुंबईजवळच्या गोदामात जाऊन पाच दिवसांनी पोचलं. ते असो.

खोका उघडला तर कळशी आरशासारखी लखलखत होती. नाव गायब. तिथे बोटानं चाचपलं तरच कळेल एवढा खोलगट भाग राहिला होता.

गांगुर्ड्यांनी एक तारा दिला. लिहिलं, ‘फोटोत नाव होतं. हातात आलेल्या वस्तूवर नाही.’

तासाभरात इंदूताईंच्या अकाउंटवरून त्यांना एक तारा मिळाला. ‘पैसे द्यायला त्रास देणारा ग्राहक.’

हे आमच्याकडे रोजचं आहे. तू मला एक दिलास, मी तुला एक देते. पण इथे एक अडचण होती. इंदूताई नव्या होत्या, त्यांचे पाचच व्यवहार झाले होते. नव्या विक्रेत्याची सरासरी चार पूर्णांक दोनच्या खाली गेली की तीन महिने त्याला काही विकता येत नाही. त्यांची बरोबर चारवर आली होती. आठ दिवसांनी अकाउंट आपोआप बंद पडणार होतं.

मी समीर सरांकडे गेले. ते आमचे ऑपरेशन्स हेड. स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, “सोपं आहे. बाईंचं खोटं आहे, काढ. त्याचं खरं आहे, ठेव. टिकेट क्लोज.”

“सर, त्यांचं अकाउंट बंद पडेल.”

“पडेल. पॉलिसी कुणी लिहिली?”

“मी.”

“छान लिहिलीये.”

मी दोन दिवस मागितले. त्यांनी दिले, वर एक वाक्यही दिलं, “ग्राहकावर दबाव आणायचा नाही.” तो ‘गरजू महिला’वाला मेल मी आधीच पाठवून बसले होते. ते काही मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी गांगुर्ड्यांचा वर सांगितलेला फोन आला.

मी माफी मागितली. त्यांनी ती लगेच स्वीकारली आणि म्हणाले, “मॅडम, मी चौतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये मीटर वाचले. काटा जिथे असेल तो आकडा रजिस्टरला लिहायचा. शिफ्ट इनचार्जला आवडो न आवडो. तारा म्हणजे तेच ना?”

“हो साहेब.”

“मी भांडी नाही जमवत, नावं जमवतो. घरी शंभरेक आहेत. कुणी कुणाला काय दिलं ते वाचतो. बायको म्हणते, परक्यांच्या लग्नाचा अल्बम बघत बसता. पितळ तर मला दुकानातही मिळालं असतं.”

फोन ठेवला आणि स्कूटर काढली. ऑफिसातून बाहेर पडून टिकेट सोडवायची आमच्याकडे पद्धत नाही. पण पंचवटी काही लांब नाही.

इंदूताईंचं दुकान बोळात होतं. बाहेर नव्या पातेल्यांची चळत, आत मोड. मोड म्हणजे लोकांनी वजनावर देऊन टाकलेली जुनी भांडी. बहुतेक सगळी भट्टीत जातात आणि वितळून नवी होतात. नवरा गेल्यापासून दुकान इंदूताईच बघतात. मोडीतलं चांगलं भांडं वितळवायला त्यांचं मन होत नाही. सुनेनं लिलावाचं सुचवलं, फोटो काढून द्यायलाही तीच.

मी ओळख सांगितली.

“म्हंजे तूच का ती? गरजू लिहिणारी?” गांगुर्ड्यांनी तो मेल त्यांना साइटवरून जसाच्या तसा पाठवला होता. “गरजू कोण गं? मी? हे दुकान दिसतंय का तुला?”

“चुकलं माझं.”

“बस. चहा घे. मग भांडू.”

मी विचारलं, नाव का काढलं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की एवढी शिकलेली मुलगी आणि हे विचारते.

“काढणारच ना! मोडीतलं भांडं दुसऱ्याला द्यायचं तर नाव काढूनच द्यायचं. माझ्या सासऱ्यांपासून हाय तसं. पहिली गोष्ट, घेणाऱ्याच्या बायकोनं रोज पाणी भरताना कुण्या भागीरथीचं नाव कशाला वाचायचं? आणि दुसरी...” त्यांनी आवाज खाली आणला. “आत्यानं दिलेली कळशी कुणी हौसेनं मोडीत घालतं का? ज्यांच्यावर ती वेळ आली त्यांचं नाव चार घरं फिरवायचं? बरं दिसतं का ते?”

हे माझ्या कुठल्याच नियमात नव्हतं.

“बफिंगला, म्हंजे पॉलिशला बाहेर दिली होती मी कळशी. कानस मारून, बफ फिरवून आणली. लय मेहनत घेतली. आणि तो बाबा मला एक तारा देतो!”

“पण ताई, फोटोत नाव दिसत होतं. त्यांनी नावासाठीच घेतली.”

“नावासाठी?” त्यांना हे खरंच नवीन होतं. “पितळासाठी नाय?”

“नाही.”

“अरे देवा,” त्या म्हणाल्या आणि सुनेला आतून बोलावून मला हे सगळं परत सांगायला लावलं. सून म्हणाली, “आई, मी म्हटलं होतं तुम्हाला, विचारून घेऊ.” इंदूताई म्हणाल्या, “तू नंतर म्हटली.”

मग मी मुद्द्यावर आले. गांगुर्ड्यांचा तारा खरा आहे, तो मी काढू शकत नाही. तुमचा खोटा आहे, तो मला काढावा लागेल. किंवा तुम्ही स्वतः मागे घ्या.

“आधी त्यानं घ्यावा मागं.”

“ते नाही घेणार. आणि घ्या असं मी सांगणार नाही.”

“मग मी काढून मला काय मिळणार?”

“काहीच नाही.”

मी नोकरीत दिलेलं सगळ्यात खराब उत्तर बहुधा तेच असेल. त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे घंगाळी, डबे, तांबे, समया रचून ठेवल्या होत्या. चाळीसेक तरी असतील. “माझा लेक म्हणतो, साइट बंद पडली तर उगा जागा अडवू नका. सोमवारी भट्टीची गाडी येते. हे सगळं जाईल.”

मी जवळ जाऊन पाहिलं. जवळजवळ प्रत्येकावर नाव होतं.

हे गांगुर्ड्यांना फोन करून सांगावं असं फार वाटलं. एका फोनचं काम होतं. पण तो दबावच झाला असता, फक्त ‘गरजू’च्या जागी ‘भट्टी’. मी नाही केला.

इंदूताईंनी बराच वेळ फडक्यानं एक तांब्या पुसला. मग सुनेला म्हणाल्या, “काढ गं तो आपला तारा. पैसे दिले होते त्या माणसानं वेळेवर. मी रागात लिहायला लावलं.”

सुनेनं तारा मागे घेतला. प्रत्येक रेटिंगखाली विकणाऱ्याला एकदा उत्तर देता येतं. मी माझ्या चांगल्या भाषेत एक मसुदा सांगितला, ‘आमच्याकडून अनवधानाने नाव पुसले गेले, त्याबद्दल दिलगीर आहोत.’

“अनवधान कसलं? चांगलं ध्यान देऊन घासून घेतलं मी. खोटं नको लिहू.”

मग त्या बोलल्या तसं सून लिहीत गेली. ‘नाव मी मुद्दाम काढलं. आमच्याकडे मोडीतलं भांडं नाव काढूनच देतात. तुम्हाला नाव हवं होतं हे माहीत नव्हतं. विचारायला पाहिजे होतं, नाही विचारलं. दुकानात अजून नावाची भांडी आहेत. आता विचारल्याशिवाय घासणार नाही. पुढची विकायला मिळतील का माहीत नाही.’

शेवटचं वाक्य मी काढायला सांगणार होते. पण ते खरं होतं.

ऑफिसात येऊन समीर सरांना सांगितलं, “बाईंनी तारा स्वतः मागे घेतला.” मेलचंही सांगून टाकलं. ते म्हणाले, “त्याची नोंद मी तुझ्या फाइलला टाकतोय.” टाकली. अजून आहे.

दोन दिवस काही झालं नाही. शनिवारी दुपारी स्क्रीनवर सूचना आली. ग्राहकाला एकदाच रेटिंग बदलता येतं. गांगुर्ड्यांनी एकाचे तीन केले होते. खाली लिहिलं होतं, ‘कळशी उत्तम. नाव गेलं. विक्रेत्या खरं बोलतात.’

सरासरी चार पूर्णांक चार. अकाउंट वाचलं.

मला राहवलं नाही, मी फोन केला. “साहेब, तीन का?”

“उत्तर वाचून मी दुकानात जाऊन आलो. बाई सरळ आहेत. पण नाव गेलंय ना? पाच दिले तर मीटर चुकीचा वाचल्यासारखं होईल.”

भट्टीची गाडी सोमवारी आली आणि फुटकी पातेली तेवढी घेऊन गेली. गांगुर्डे वही घेऊन दोन वेळा दुकानात बसून आले. काही भांडी इंदूताईंनी त्यांना वाचूही दिली नाहीत. “ह्या घरची माणसं अजून ह्याच बोळात राहतात,” म्हणाल्या. ती त्या नाव काढूनच विकतात आणि लिलावात तसं स्पष्ट लिहितात. बाकीच्या भांड्यांबाबत घेणाऱ्याला विचारतात.

आमच्या फॉर्मवर आता एक प्रश्न जास्त आहे, ‘वस्तूवर नाव आहे का? ते ठेवून पाठवणार की काढून?’ तो मीच लिहिला. आणखी एक बदल केला. दोघांचे तारे भरून होईपर्यंत किंवा पंधरा दिवस संपेपर्यंत एकमेकांना दिसत नाहीत. त्यामुळे बदल्याचे तारे कमी झाले. पण गांगुर्डे म्हणतात, “असं असतं तर बाईंना माझं म्हणणं पंधरा दिवस कळलंच नसतं.” तेही खरं आहे.

इंदूताईंनी मागाहून त्यांना नवीन तारे दिले. चार. त्या संध्याकाळी गांगुर्ड्यांचा फोन आला.

“मॅडम, त्यांनी लिहिलंय, ‘पैसे वेळेवर, माणूस खरा, तोंड तिखट, म्हणून एक कापला.’ हे बसतं का तुमच्या नियमात?”

“मत आहे साहेब. मत आम्ही काढत नाही.”

“हं,” ते म्हणाले. “रीडिंग तसं बरोबर आहे.”

ते टिकेट मी बंद केलं तेव्हा पार्सलचा फोटो फाइलला जोडायचा होता. खोक्यावरच्या चिठ्ठीवर दोघांचे फोन नंबर छापलेले होते. ठळक, वाचता येतील असे. पहिले आठ दिवस दोघांनीही एकमेकांचा नंबर लावला नव्हता. वडिलांना आता मी एवढंच सांगते, की लोक एकमेकांशी जे बोलत नाहीत ते मी पोचवते, पगार त्याचा मिळतो.