धुळीतला त्रिकोण

राळेगावहून बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईनं आपणहून सांगितलं, की लेकरं मोठी झाल्यावर ती बारावीला बसली, गणितात नापास झाली आणि आज पुन्हा पेपरला निघाली आहे. मग ती खिडकीच्या धुळकट काचेवर बोटानं आकड्यांचा त्रिकोण काढू लागली. कडांना एक, आणि आत वरच्या दोन आकड्यांची बेरीज. चार आणि सहाखाली तिनं नऊ लिहिले अन् तशाच खालच्या ओळी लिहीत गेली. चूक दिसली की मला गप्प बसवत नाही.

"तिथं दहा पायजे."

तिनं पदरानं नऊ पुसले, खालच्या ओळीही पुसल्या. त्रिकोणाचं वरचं टोक तेवढं ठेवलं.

"सगळंच पुसा नं," मी म्हटलं.

"जे येते ते कायले पुसू?"

यवतमाळ आलं. ती दहा लिहूनच उतरली.