भारोभार गूळ

अकरा जुलै, सकाळी साडेदहा. वजन एकशे सोळा किलो चारशे ग्रॅम. हजर माणसं पाच: डॉक्टर, त्यांचा कंपाउंडर, माझी बायको, माझी आई आणि काट्यावर मी.

आदल्या दिवशी दुपारी मेहकरहून मोटरसायकलवर लोणारला परत येताना मी झोपलो होतो. झोपलो म्हणजे खरोखरच झोपलो. डोळे उघडले तेव्हा मी एका शेतात आडवा होतो. वीतभर उंचीचं सोयाबीन डोळ्यांच्या पातळीवर आलं होतं. जमिनीवरून पाहिलं तर त्या रोपांच्या ओळी फार लांब जातात आणि शेवटी आभाळाला टेकतात. माती मऊ होती. कुठेही दुखत नव्हतं. निंदण करणारी एक म्हातारी खुरपं हातात घेऊन माझ्याकडे बघत उभी होती.

"काऊन बाबू, घरी जागा नाही काय झोपाले?" ती म्हणाली.

मोटरसायकल दहा पावलांवर पडून अजून सुरूच होती. मला खरचटलंही नव्हतं. पण मी एकटा होतो हे नशीब. एरवी गुरुवारी मागे बायको असते.

मागची दोन वर्षं माझं असंच चाललं होतं. मी शाळेत वरिष्ठ लिपिक. पगारपत्रक करताना, न्हाव्याच्या खुर्चीत, भाजी निवडताना, कुठेही डोळा लागायचा. त्या झोपेत लहान लहान स्वप्नं पडत. बहुतेकांत पाणी असायचं आणि मी त्यावर पाठ टेकून तरंगत असायचो. जाग आली की पेन कागदावरून घसरत खाली गेलेलं असे आणि शाळेचा शिपाई म्हणे, "बडे बाबू, खुर्ची बिचारी दमली आता, तिले तरी झोपू द्या." मला त्या डुलक्या आवडायच्या, हे मान्य केलं पाहिजे. डॉक्टरांनी मात्र सांगितलं की गळ्याभोवती चरबी साठल्याने रात्री माझा श्वास अडतो, रात्रीची झोप होत नाही म्हणून दिवसा येते, आणि पुढच्या वेळी समोरून ट्रक असेल. वजन उतरवा, म्हणाले.

कंपाउंडरने आकडा मोठ्याने वाचला तसे आईने काट्याशेजारीच हात जोडले. "माय, वाचवलं तू माह्या लेकराले. याच्या भारोभार गूळ वाहीन. हा त्याच्या पायानं खाली येऊन तुह्या तराजूत बसन. तवर मी गोड तोंडाले लावणार नाही."

डॉक्टर हसले. बायको हसली नाही. आईला गोड सोडणं म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. आईला दात नाहीत. दुधात भाकरी कुस्करून त्यावर गूळ, हेच तिचं दोन्ही वेळचं जेवण.

आणि नवस बोललेल्या त्या देवीचं देऊळ लोणारच्या विवराच्या तळाशी, तळ्याच्या काठावर आहे. गाव वर. नवस लगेच फेडू म्हणून त्याच आठवड्यात मी उतरायला गेलो. एक तृतीयांश उतरलो, तिथे एका दगडावर बसलो, आणि वर यायला मला पाऊण तास लागला. शेवटच्या पायऱ्या मी हातांनीही चढलो.

म्हणून आधी चालणं. पहाटे उठून काठावरच्या वाटेने जायचं. पहिल्या दिवशी चारशे पावलं, मग रोज पन्नास वाढवायची. जेवणाचंही मोजमाप ठरलं: सकाळी एक ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण, पालेभाजी, संध्याकाळी मुगाची उसळ नाहीतर ताकातली भाजी. तेल घरात माणशी चमच्याने मोजून. भात, शेव, स्टँडवरची कचोरी बंद. गणपतीत शाळेच्या लोकांनी गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांची पंगत केली, तेव्हा मी तूप न लावलेला एक रोडगा एक तास खाल्ला. इंग्रजीचे मास्तर म्हणाले, "बाबू, त्याले चावून राह्यले का त्याची चौकशी करून राह्यले?"

चालण्याबद्दल लिहिताना मला आकड्यांच्या बाहेर जावं लागतं. पावसाळ्यात पहाटे विवर धुक्याने काठोकाठ भरलेलं असायचं. तळं, झाडी, देऊळ काहीच दिसत नसे. पांढऱ्या दुधाच्या परातीच्या कडेने चालल्यासारखं वाटे. खालून मोर ओरडत. तळ्याच्या खाऱ्या पाण्याचा उग्र वास कधी यायचा, कधी नाही. ऊन वर आलं की धुकं मधोमध फाटायचं आणि हिरवट पाण्याचा एक तुकडा दिसायचा, मग पुन्हा झाकला जायचा. रात्री आता मी सलग झोपू लागलो होतो, त्यामुळे दिवसाच्या डुलक्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर ती तरंगणारी स्वप्नंही. पण काठावर कधी कधी जागेपणीच तसं वाटायचं: पाय चालताहेत आणि मी त्यांच्या जरा वर आहे. सीताफळाच्या झाडांखाली वानरं बसलेली असत. सुरुवातीला मी दिसलो की ती बाजूला होत. दसऱ्याच्या सुमारास ती जागची हलेनाशी झाली.

चालायला लागून महिना झाला तेव्हा डॉक्टरांकडे पुन्हा काटा केला होता. एकशे तेरा किलो दोनशे. मी खुशीत घरी सांगितलं. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"तीन किलो गेला कुठी?"

"घटला, आई. तेच तर पाहिजे."

"देवीचा घटला. देणं घटवून राह्यला काय तू?"

पुजाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, तराजूत बसाल त्या दिवशीचा भार. आईला ते पटलं नाही. मी बोलली तवा जो होता तो, एवढंच तिचं म्हणणं. आणि हिशेब मलाही तिचाच बरोबर वाटला. देणं ज्या दिवशी कबूल केलं त्या दिवशीच्या आकड्याने द्यावं. मग मीच तोडगा काढला. जेवढं वजन उतरेल तेवढा गूळ विकत आणून फळीवर ठेवायचा. मी खाली उतरण्याजोगा झालो की दर मंगळवारी त्यातला दोन किलो स्वतः खांद्यावरून देवीला पोचवायचा, कारण मंगळवार देवीचा आणि डॉक्टरांनी ओझं दोन किलोच सांगितलं होतं. फळी रिकामी झाली की उरलेल्या भारासाठी तराजूत बसायचं. दोन्हींची बेरीज एकशे सोळा किलो चारशे. आईने दोनदा विचारून घेतलं आणि मान डोलावली. मला माझ्या तोडग्याचा अभिमान वाटला. वहीत तीन रकाने आखले: उतरलेलं, फळीवरचं, पोचलेलं.

फळी भरत गेली. दर रविवारी मी घरी आणलेल्या काट्यावर उभा राहायचो आणि मग दुकानातून गुळाची भेली आणायचो. अर्धा किलो, सातशे ग्रॅम, कधी किलो. पिवळ्या धमक भेल्या, एकावर एक. मला गुळाचा मोह होता आणि मीच त्याचा राखणदार. कधी कधी संध्याकाळी मी फळीसमोर उभा राहायचो आणि तो वास घ्यायचो. समोर ठेवलेलं ते माझंच होतं, कालपर्यंत पोटावर आणि मानेवर असलेलं. बायको म्हणायची, "अहो, स्वतःले ओवाळता का आता?" दिवाळीत वजन किलोभर वाढलं तेव्हा प्रश्न पडला की फळीवरून एक भेली काढायची का. आई म्हणाली, "राहू दे. तेवढं देवीकडं जमा." पुढच्या पंधरवड्यात ते फिटलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी वजन होतं अठ्ठ्याण्णव किलो चारशे. अठरा किलो उतरलं होतं. फळीवरचा गूळ मोजला तर सतरा किलो सातशे भरला. तीनशे ग्रॅम मुंग्यांनी नेला होता. मी तेवढा आणून भर घातली. त्या दिवशी पहिल्यांदा मी पूर्ण खाली उतरलो. पायऱ्या आणि पायवाट मिळून माझी आठशे बारा पावलं. पिशवीत दोन किलो. तळाशी पोचलो तेव्हा वरचं गाव नव्हतंच जणू. भोवती झाडांची गोल भिंत, मध्ये हलकं उजळलेलं पाणी, आणि आवाज फक्त माझ्या श्वासाचा. मी बराच वेळ देवळाच्या ओट्यावर बसलो. मग चढलो. तीन थांबे घेतले, पण पायांवरच चढलो. फाटकावरचा वनरक्षक म्हणाला, "काका, उतरताना भेली, चढताना रिकामी पिशवी. देवी उधारीवर माल घेते काय?"

असे सहा मंगळवार गेले. बारा किलो पोचले.

सहाव्या मंगळवारी मी वही लिहीत असताना बायको समोर येऊन बसली. "किती राहिलं?" तिने विचारलं.

"नऊ किलो."

"दीड महिन्याखाली अठरा होते. बारा नेले. सहा राहायला पाहिजे."

"मधल्या काळात आणखी तीन उतरलं ना."

"म्हणजे तुम्ही घटत राहणार, फळी भरत राहणार, आणि आई?" तिने आवाज खाली केला. "तुमचं वजन तीन रकान्यांत लिहिता. त्यांचं कोण लिहून राह्यलं?"

मी स्वयंपाकघरात पाहिलं. आई भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात दुधात कुस्करलेली भाकरी होती आणि ती तशीच होती. तिच्या हातातली बांगडी कोपराजवळ गेली होती. दर रविवारी मी तिच्यासमोरूनच काट्याकडे जात होतो. नाही म्हणत असताना तिला काट्यावर उभं केलं. छत्तीस किलो शंभर. बायको म्हणाली, पावसाळ्यात डॉक्टरांकडे त्रेचाळीस भरल्या होत्या.

"आई, गूळ खा. देवी काही म्हणणार नाही."

"तुले काय माहीत ती काय म्हणन ते?"

"मग मी उद्याच सगळा गूळ खाली नेऊन टाकतो."

"उद्या बुधवार."

मंगळवारचा नियम तिचा नव्हता. दोन किलोचा नव्हता. आधी फळी, मग तराजू, हेही तिने सांगितलं नव्हतं. ते सगळं मी आखलं होतं आणि तिने मुलाच्या हिशेबावर विश्वास ठेवून ते देवीचं समजून घेतलं होतं. माझ्या अचूक हिशेबाने आईला आठ महिने उपाशी ठेवलं होतं. मी डॉक्टरांना विचारलं, जास्त ओझं चालेल का. ते म्हणाले, तीन-साडेतीन, थांबत थांबत, पाणी पीत.

पुढचा मंगळवार पाडव्याच्या दोन दिवस आधीचा. रजा टाकली. पहाटे वजन पंचाण्णव किलो बरोबर. म्हणजे तराजूसाठी पंचाण्णव, आणि फळीवर नऊ किलो चारशे. पंचाण्णव किलो गूळ दोन माणसं लावून सकाळीच खाली उतरवला. फळीवरचा मी नेला. उजाडता उजाडता पहिली खेप, तीन किलो. वर येऊन पाणी प्यालो, पुन्हा तीन. दुसऱ्यांदा वर आलो तेव्हा आई ऑटोने काठावर आली होती. पायऱ्यांच्या तोंडाशी निंबाखाली बायकोशेजारी बसली होती. खाली उतरणं तिच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं.

"राहू दे आता, बाबू," ती म्हणाली. "पुढच्या मंगळवारी जाजो."

"एकच राहिली."

"घामाघूम झाला तू. मी काही मरून नाही राह्यली."

मी तीन किलो चारशे खांद्याला लावले आणि निघालो. तिसऱ्या खेपेला पाय आपोआप पडत होते. वाटेवरची सावली, ऊन, सावली, ऊन हे सगळं माझ्या अंगावरून वाहत गेलं. कोणीतरी जड माणूस माझ्याशेजारून धापा टाकत उतरतोय असं वाटत राहिलं. एकदा मी त्याला वाट द्यायला बाजूलाही सरलो.

मंडपात लाकडी तराजू टांगला होता. एका पारड्यात मी मांडी घालून बसलो, दुसऱ्यात त्या दोघांनी भेल्या रचल्या. शेवटची भेली ठेवली आणि मी वर गेलो. गुळाचं पारडं जमिनीला टेकलं आणि मी अधांतरी राहिलो, हळूहळू फिरत. समोर पाणी येई, मग झाडं, मग देवी, मग पुन्हा पाणी. सकाळपासून घामाने किलोभर उतरलो असेन. मला खाली यावंसं वाटेना.

पुजारी म्हणाले, "एक भेली काढा, सम होईल."

"काढू नका," मी वरूनच म्हणालो. "पंचाण्णव कबूल आहेत."

त्यांनी प्रसाद म्हणून अर्धा किलोची भेली कागदात बांधून दिली. ती खिशात घालून मी तिसऱ्यांदा चढलो. आता आठवत नाही कसा. आई उभी राहिली होती, बायकोचा हात धरून.

"फिटला?"

"फिटला."

"सारा?"

"सारा."

खिशात गूळ मऊ होऊन कागदाला चिकटला होता. आईने बोटाने खरवडून तोंडात घातला, डोळे मिटून घोळवला. "खारट लागून राह्यला," ती म्हणाली. माझा घाम लागला असेल. तिने पुन्हा बोट पुढे केलं, पुन्हा, आणि मग कागदच मागून घेतला.

त्या दिवशी दिलेलं असं: खाली गूळ नेणाऱ्या दोघांना सातशे-सातशे रुपये. पुजाऱ्यांना दक्षिणा एकशे एक. देवीला, आधीचा धरून, एकशे सोळा किलो चारशे ग्रॅम. त्यातून परत आलेला अर्धा किलो आईला. त्यातला निम्मा तिने ऑटोत बसायच्या आधीच संपवला.