कपाळाला आधी लागलेला भंडारा

हिंगोलीच्या एसटी स्टँडवर उतरलो आणि सगळ्यात आधी नाकात वास शिरला. हळदीचा. पण मसाल्याच्या डब्यातला नव्हे. ओल्या मातीत कुणी उकडलेलं काहीतरी सांडावं, तसा. सांगलीच्या कारखान्यात आम्ही हळद शिजवायचे कुकर बनवतो, पण तिथे वास पत्र्याचा आणि वेल्डिंगचा. सहा वर्षं ज्या हळदीसाठी पत्रा कापतोय, ती पहिल्यांदा अशी भेटली.

शिरड शहापूरच्या पुढच्या एका गावात आमच्या कुकरची वाफ गळते, अशी तक्रार होती. मालक म्हणाले, "दोन दिवसांचं काम आहे, जाऊन ये." आठवीतून शाळा सुटल्यावर याच माणसाने मला हाताशी घेतलं, त्यामुळे त्यांना नाही म्हणणं मला जमत नाही. निघालो. आपल्या रत्नागिरीकडे नजर टाकली की डोंगर तरी आडवा येतो, नाहीतर समुद्र. इथे गाडीच्या खिडकीतून नुसतं सपाट रान. नजर कुठे टेकवावी तेच कळेना.

औंढ्याहून पुढच्या गाडीत शेजारी एक म्हातारी होती. तिने मला खालून वर पाहिलं.

"कुठला हायेस रे लेकरा?"

"कोकणातला."

"अन् इकडं काहून आला?" (काहून म्हणजे का.)

"कुकर दुरुस्त करायला."

"बाई! भात लावायलाबी कोकणातून माणूस बोलवून राहिले का आता?" सगळी गाडी हसली. मीही हसलो.

कुकर गावच्या सरपंचांचा होता, त्यांच्याच शेतात मांडलेला. मधे पाण्याची मोठी टाकी, खाली जाळ, आणि टाकीतून चार ड्रमांत वाफ नेणारे पाइप. ड्रमात हळकुंडं भरायची, झाकण आवळायचं, वाफ सोडायची. गळती एका पाइपाच्या सांध्यात होती, ती लगेच दिसली. पण दुसरी एक गोष्ट त्याहून आधी दिसली. टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे वाफ जास्त झाली की आपोआप उघडणारी झडप, तारेने करकचून बांधला होता.

"ही तार सोडायला पाहिजे," मी म्हणालो.

सरपंच खाटेवर बसले होते. आवाज गोड. "ती सारखी फुसफुस करती म्हणून बांधली. एवढा हंगाम होऊ दे. तू गळतं ते बघ."

मी आणखी एकदा म्हणालो. म्हणजे म्हणालो असं मला वाटतं. कदाचित तोंडातल्या तोंडात म्हणालो असेन. मग मी सांधा उघडला, नवी पट्टी घातली, नट आवळले. गळती थांबली. सरपंचांनी पाठीवर थाप मारली आणि मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

दुपारी ड्रम भरणाऱ्या टोळीतल्या बायकांनी मला आपल्यात जेवायला बसवलं. त्यांच्यातली रुक्मिण सगळ्यात बोलकी. तिने धपाटे (ज्वारीच्या पिठात तिखटमीठ घालून थापलेली जाड पोळी) आणि दही पुढे सरकवलं. "खा रे कोकण्या. सरपंचाच्या घरून डबा येईस्तोवर तू वाळून हळकुंड व्हशील." मी चार धपाटे खाल्ले. पाचवा तिने न विचारता वाढला. घरापासून इतक्या लांब कुणी न विचारता वाढलं, म्हणून तोही मी खाली बघून संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर हात धुत होतो. मागे टायर फुटावा तसा आवाज झाला. वळलो तर सगळीकडे पांढरं. एका ड्रमच्या झाकणाची रबरी पट्टी फाटून वाफ बाजूने सुटली होती, आणि शेजारून घमेलं घेऊन जाणाऱ्या रुक्मिणीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. ती हाताकडे नुसती बघत उभी राहिली.

कुणीतरी तिला मोटारसायकलवरून जवळच्या दवाखान्यात नेलं. मी कुकरपाशी गेलो तेव्हा व्हॉल्व्हवर तार नव्हती. सरपंचांच्या हातात पक्कड होती.

"तिनं वाफ बंद व्हायच्या आत झाकण उघडलं," ते म्हणाले. "तू मिस्तरी हायेस. तूच सांगशील तसं."

मला तेव्हा काय काय सुचलं ते धड सांगता येत नाही. तार त्यांची होती. पण तारेने कोंडलेली वाफ इतके दिवस त्या गळक्या सांध्यातून निघून जात होती, आणि तो सांधा मी बुजवला होता. खरं बोलायचं तर सरपंचांचं आणि माझं, दोघांचं चुकलं म्हणावं लागणार. खोटं बोलायचं तर एकट्या रुक्मिणीचं. आणि तसं झालं तर तिच्या हाताकडे कुणी बघणार नाही, टोळीचा मुकादम तिला कामावरून काढणार, हे बायका माझ्यादेखत बोलत होत्या.

संध्याकाळी सरपंचांनी सगळ्यांना खंडोबाच्या देवळात बोलावलं. रविवार होता, देवाचा वार. मला वाटेत समजावलं, "इथं बोलून वर बेलभंडारा उचलला, देवाची शपथ झाली, की विषय मिटतो. मी सांगतो तेवढंच बोल. तुझ्या मालकाला फोन करून तुझं नाव चांगलं सांगीन." गोड आवाज. मी मान हलवली. हलवली, खरंच.

पुजारी सोपानकाका म्हणजे वाळक्या अंगाचा म्हातारा. ते ताटात बेल आणि भंडारा (देवाची हळद) घेऊन उभे होते. आपल्याकडे कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात. गुरव बोलतो, आपण "होय म्हाराजा" म्हणतो. बेलभंडारा कधी आणि कसा उचलतात, ही इथली रीत मला ठाऊक नव्हती. काकांनी ताट पुढे केलं. मला वाटलं, प्रसाद. मी चिमूटभर घेतला, कपाळाला लावला, उरलेला बेलासकट मुठीत धरला आणि हात जोडले.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"अरे, आधी बोल, मग उचल!" सरपंच म्हणाले.

"उचलला त्यानं," काका म्हणाले. "आता खरं हाय तेवढंच बोलावं लागतंय."

"काका, ताट मागं घ्या. पुन्हा उचलंल तो."

काकांनी ताट छातीशी धरलं. "न्हाई, सरपंच. तुमाला भिऊनच राहिलो मी. घर तुमच्या जागेत हाय माझं. पण ह्या देवाला त्याहून जास्त भितो. भंडारा दोनदा उचलत न्हाईत."

सगळे माझ्याकडे बघत होते. मूठ घामाने ओली झाली होती. मी म्हणालो, "व्हॉल्व्हला तार होती. मी पाहिली होती. तरी मी गळती बुजवली. तिने झाकण उघडलं नव्हतं." माझा आवाज मला दुसऱ्याचाच वाटला.

मागून एक बाई म्हणाली, "व्हय, तार आमीबी पाहिली." मग दुसरी. सरपंच खंडोबाकडे न बघता पायऱ्या उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचीच जीप रुक्मिणीला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. भीतीने की लाजेने, कुणास ठाऊक. मुकादमाने तिचं नाव टोळीत ठेवलं. मला मात्र गावातून एसटीपर्यंत सोडायला कुणी आलं नाही, एक सोपानकाका सोडून.

"काका, मी काही बोलायच्या आत तुम्ही ताट मुद्दाम पुढे केलंत का?"

"ताट पुढं करनं माझं काम हाय."

"पण मला ती रीत माहीत नव्हती."

"त्याला माहीत व्हती," काका म्हणाले आणि देवळाच्या दिशेला मान वळवली. "जाय, गाडी येऊन राहिली."

सांगलीला पोचलो तेव्हा सरपंचांचा फोन आधीच येऊन गेला होता. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "तार दिसली होती, मग गळती बुजवलीस कशाला?" त्यांनी कामावर ठेवलं, हे त्यांचे उपकार.

महिन्याने रुक्मिणीचा फोन आला. "कोकण्या, बोटं वळून राहिली आता. धपाटे जरा वाकडे होतात, पण चवीला बराबर हायेत." मी माफी मागितली. ती म्हणाली, "ये खायाला, मग बघू."

घरी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, देवाने तुला धीर दिला. असेल. पण मी तर प्रसाद समजून हात पुढे केला होता. चुकून पुढे केलेल्या हाताला धीर म्हणतात का, मला कळत नाही. कधी वाटतं, आपल्यासारख्याला देव धीर असाच देत असेल, न सांगता, चुकीच्या रूपात. कधी वाटतं, धीर होता तो काकांचा, मी नुसता त्यात सापडलो.

कारखान्यातून कुकर बाहेर पडताना मी आता व्हॉल्व्ह दोनदा उडवून बघतो. वाफ फुस्स करून सुटली की हात आपोआप कपाळाला जातो. शेजारचा वेल्डर विचारतो, "घाम पुसतोस होय रे?"

मी हो म्हणतो. एवढं खोटं चालत असावं.