छापलेल्यावर विश्वास नसलेला दिगू

दिगू गेल्याचा निरोप त्याच्याच मोबाइलवरून आला, म्हणून मी तो खरा मानला नाही. माणूस गेल्यावर स्वतःच्या फोनवरून कसा कळवेल, हा माझा बिनतोड मुद्दा. मला चाचपून बघायची त्याला जुनी खोड होती, तेव्हा हीही एखादी परीक्षाच असणार असं धरून मी उलट फोन लावला आणि म्हणालो, "पुरे आता, पकडला गेलास." पलीकडे वहिनी होत्या. "भावजी, खरंच गेले हो..." माझ्या फजित्यांची उतरंड मोठी आहे, पण त्यातलं हे मडकं मी कधी खाली ठेवू शकेन असं वाटत नाही.

दिगंबर शिवडी कोळीवाड्यातला, मी भोईवाड्यातल्या कारकुनांच्या घरातला. एका गिरणीच्या कचेरीत नवा कॉम्प्युटर आला होता, तिथे आम्ही दोघं लागलो आणि वर्षभरात संप झाला. गिरणी बंद, तर मशीनला काम काय? मी पेपर वाचत बसे. दिगूनं कपाटातलं गणिती प्रोग्रामांचं जाडजूड इंग्रजी मॅन्युअल काढलं आणि त्यातलं प्रत्येक उदाहरण मशीनवर चालवून बघू लागला. पुस्तकात छापलेलं उत्तर आणि मशीनचं उत्तर जुळलं नाही की तो असा खूश होई, जणू चोर पकडला. मी म्हटलं, "अरे, एवढी मोठी कंपनी चुकीचं छापेल का?" तो म्हणाला, "आमच्या घरात मासळी विकतात. 'ताजी आहे' या वाक्याची किंमत मला ठाऊक आहे. कल्ला उचलून बघायचा."

त्या दिवसांत परळमध्ये कोणी कोणावर विश्वास ठेवत नव्हतं. कचेरीत जाणारा प्रत्येक जण मालकाचा माणूस. एका संध्याकाळी आम्ही मशीनमधून छापून निघालेल्या हिरव्या पट्ट्यांच्या कागदांची चळत काखोटीला मारून निघालो, तर भोईवाड्याच्या नाक्यावर आमच्या चाळीतल्या बाबी सावंतानं अडवलं. तो साचेवाला, म्हणजे गिरणीतल्या मागावरचा कामगार, संपावर. मागे आणखी चौघं-पाचजण.

"काय रे, मालकाच्या जावयांनो, कागद कसले? कोणाकोणाला काढायचं ते ना?"

मी परिस्थिती सांभाळायला पुढे झालो. "छे हो, यात काही नाही. मालकाच्याच मशीनवर काढलंय." मी तोंड उघडल्यावर परिस्थितीचं नेहमी होतं तेच झालं. कागद हिसकावले गेले. सगळे आकडे. "नावांना नंबर दिलेत," मागून कोणीतरी म्हणालं. दिगू मात्र शांत. "पुस्तकात छापलंय ते खरं का, ते बघतोय," तो म्हणाला.

"मग? खरं आहे?"

"बऱ्याच ठिकाणी नाही."

बाबी सावंतानं कागदांची चळत नीट जुळवली. "आमचा करार पण छापलेलाच होता," तो म्हणाला आणि कागद परत दिले. मला मात्र पुढे कित्येक महिने चाळीत कोणी चहा विचारला नाही.

गिरणी उघडली नाही ती नाहीच. मी बँकेत चिकटलो, दिगू कुठल्याशा कॉलेजात. निवृत्तीनंतर त्याला नवं सावज सापडलं. देशोदेशीची माणसं मिळून फुकट चालवतात असं एक आकडेमोडीचं सॉफ्टवेअर. ते कसं वापरायचं हे सांगणाऱ्या माहितीपानांतल्या चुका शोधून हा त्यांना कळवायचा. त्याचा नियम असा, की चूक कळवण्याआधी दुसऱ्या माणसानं, दुसऱ्या मशीनवर, तेच उदाहरण चालवायचं. दुसरा माणूस म्हणजे मी. मी पडलो हुशार. उदाहरणात स्वल्पविराम राहिलेला दिसला की मीच घालून द्यायचो आणि कळवायचो, "चालतंय की." तो भडकायचा. "तुला शहाणा व्हायला कोणी सांगितलं? छापलंय तसंच टाइप कर. लोक तसंच करणार. तुला घेतलंय ते तू चुकतोस म्हणून."

शेवटची चूक त्याला आजारपणात सापडली. सरासरीभोवती विखुरलेले आकडे काढून देणारा एक प्रोग्राम. ते आकडे किती पसरावेत, हे आपण सांगायचं. माहितीपान म्हणे, पसाऱ्याचा वर्ग द्या. प्रोग्रामला प्रत्यक्षात हवा होता नुसता पसारा. मी चालवून बघितलं आणि सांगितलं, पान बरोबर आहे.

"आकडा कोणता घातलास?"

"एक. पानावरच्या उदाहरणात आहे तोच."

"एकाचा वर्ग किती?"

मी फोन कानापासून जरा लांब धरला.

त्या मंडळींनीही एकच घालून पाहिला होता आणि 'सर्व ठीक आहे' असं कळवलं होतं. दिगूनं पुन्हा लिहिलं, उदाहरणात चार घ्या. उत्तर आलं, बघतो. त्याचा जीव माहितीपानातल्या त्या एका वाक्यात अडकला. "कोणीतरी पोरगी भरतीचं पाणी कुठवर चढेल याचा अंदाज यावर काढत बसेल," तो म्हणायचा. "तिला कळणारसुद्धा नाही कुठे चुकलं ते." परळच्या इस्पितळात मी रोज जायचो आणि तो रोज विचारायचा, "बदललं?" रोज नाही म्हणायला जीभ रेटेना. शेवटी एके दिवशी म्हणालो, "बदललं बघ."

त्यानं डोळे मिटूनच विचारलं, "वाचून दाखव."

मी मोबाइल समोर धरला आणि तोंडाला येईल ते झकास इंग्रजी वाचलं. पसारा द्या, वर्ग नव्हे, वगैरे.

"उदाहरणात काय घेतलंय?"

"एक," मी म्हणालो. सवयीनं.

तो हसला की कण्हला, कळलं नाही. "मग नाही बदललं," एवढंच म्हणाला... वहिनी शेजारीच मोसंबं सोलत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी तो गेला.

गेल्या आठवड्यात पान खरोखर बदललं. आधी मला खरं वाटेना, मग छापलंय तसं, काही शहाणपणा न करता चालवलं. जुळलं. वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "नक्की ना भावजी? की त्यांना सांगितलंत तसं?"

मी लॅपटॉप उचलला आणि शिवडी गाठली. वहिनींनी हात पुसले, चष्मा लावला. मी वाचू लागलो तर म्हणाल्या, "तुम्ही नका वाचू. आकडा कुठे आहे तेवढं दाखवा." मी दाखवला. त्यांनी काचेवर बोट टेकवून तो पाहिला, मग चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा एकदा पाहिला.

"चार आहे," त्या म्हणाल्या आणि आत चहा ठेवायला गेल्या.